युद्धकाळातल्या पीटर्सबर्गमध्ये शिकायला जाणे: अर्जापासून पदवीपर्यंत

ऑक्टोबर २०२३ ते जुलै २०२५ या काळात मी सेंट पीटर्सबर्गमधल्या एका सरकारी विद्यापीठात रशियन भाषा आणि साहित्य या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण केला. परत आल्यापासून पुण्यात रशियन शिकणाऱ्या मुलामुलींचे, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचे, फोन येत आहेत. पैसे कसे न्यायचे, बँकेत खाते उघडते का, इंटरनेट चालते का आणि तिथे युद्धाविषयी बोललेले चालते का, असे त्यांचे प्रश्न असतात. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे किचकट असली तरी फोनवर सांगता येतात. चौथ्याचे उत्तर मला तिथे राहूनच हळूहळू समजत गेले, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढत आहे.

मी रशियन सरकारच्या कोट्यातून गेले. या योजनेत शिक्षणशुल्क माफ असते आणि वसतिगृहात सवलतीच्या दरात जागा मिळते. मासिक शिष्यवृत्ती मात्र जेमतेम काही हजार रुबलची असते, त्यामुळे प्रवास, विमा, जेवणखाण आणि कागदपत्रे यांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. मी अर्ज भरला तो २०२२ चा पावसाळा संपता संपता. २१ सप्टेंबर २०२२ रोजी पुतिन यांनी आंशिक लष्करभरती जाहीर केली होती आणि जॉर्जियाच्या सीमेवरच्या वेर्खनी लार्स नाक्यावर देश सोडून निघालेल्या लोकांच्या गाड्यांची रांग आमच्या घरच्या टीव्हीवर दिसत होती. “लोक जिथून जीव घेऊन पळताहेत तिथे तू चाललीस,” असे आई म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात चुकीचे काहीच नव्हते. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कित्येक वर्षे रशियन शिकले होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले, तेव्हापासून ज्या लोकांची भाषा मी शिकते आहे ते या युद्धासह कसे जगत आहेत, हा प्रश्न माझ्या मनातून जात नव्हता. बातम्यांमधून त्याचे उत्तर मिळत नव्हते.

अर्ज ऑनलाइन असतो आणि निवड दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा भारतातच, रशियन सांस्कृतिक केंद्राकडून पार पडतो. माझी मुलाखत मुंबईत पेडर रोडवरच्या केंद्रात झाली. दुसऱ्या टप्प्यात मंत्रालय आणि विद्यापीठ निर्णय घेतात आणि त्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा वेळ लागतो. या मधल्या काळात हातावर हात धरून बसू नये. पदवी, गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांची रशियन भाषांतरे नोटरीकडून साक्षांकित करून घ्यावी लागतात, आणि त्यातल्या नावाचे रशियन स्पेलिंग प्रत्येक कागदावर अक्षरन् अक्षर सारखे असावे लागते. आपल्याकडे वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम गुणपत्रिकेवर एक आणि पासपोर्टवर दुसराच असतो, तिथेच गाडी अडते. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टचा क्रम प्रमाण मानायला सांगावे आणि हाती आलेला प्रत्येक कागद स्वतः ताडून पाहावा.

निवड झाल्याचे कळले त्यानंतर काहीच दिवसांनी, २४ जून २०२३ रोजी, येवगेनी प्रिगोझिनच्या वाग्नेर या खासगी सैन्याने रोस्तोव शहर ताब्यात घेऊन मॉस्कोकडे कूच केले. एका दिवसात ते बंड शमले. आमच्या घरातली चर्चा मात्र पुढे कित्येक दिवस चालली. विद्यापीठाचे निमंत्रणपत्र रशियाच्या गृहमंत्रालयामार्फत निघते आणि माझे निमंत्रण सप्टेंबरमध्ये आले, म्हणजे तिकडे वर्ग सुरू झाल्यानंतर. कोट्यातल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत असा उशीर नेहमीचा आहे आणि विद्यापीठे तो चालवून घेतात, त्यामुळे घाबरून जाऊ नये. मात्र आपण वाट पाहत आहोत हे त्यांच्या परदेशी विद्यार्थी विभागाला ईमेलने कळवत राहावे. व्हिसासाठी एचआयव्ही चाचणीचा दाखला लागतो. पहिला व्हिसा ९० दिवसांचा आणि एकदाच प्रवेश देणारा असतो. पुढची मुदतवाढ तिथे गेल्यावर विद्यापीठ करून देते.

पैशांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातले काम थांबवले आणि अनेक मोठ्या रशियन बँका स्विफ्टमधून, म्हणजे देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशव्यवस्थेतून, बाहेर काढल्या गेल्या. त्यामुळे भारतातले आपले कोणतेही नेहमीचे कार्ड तिथे एटीएममध्येही चालत नाही आणि दुकानातही नाही. विमानातून उतरल्यावर खिशातल्या नोटा एवढाच आधार असतो. बाहेर जाणाऱ्या प्रवाशाला परकीय चलनाच्या नोटा सामान्यतः ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. रशिया आणि स्वतंत्र राष्ट्रकुलातल्या (पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या) देशांना जाणाऱ्यांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेने यातून सूट दिलेली आहे आणि त्यांना त्यांच्या मर्यादेतले सगळे चलन रोखीने घेता येते. परकीय चलन विकणाऱ्या दुकानदारांना हे अनेकदा माहीत नसते. आम्हाला पुण्यात एका ठिकाणी सरळ नाही म्हणून सांगितले. बाबांनी रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची प्रत काढून नेली, दुसऱ्या एका ठिकाणी ती टेबलावर ठेवली आणि काम झाले. नोटा मागताना नव्या मालिकेच्या, घडी न पडलेल्या आणि शिक्का किंवा शाई नसलेल्याच मागाव्यात. पीटर्सबर्गमधल्या बँकेची कॅशियर प्रत्येक नोट दिव्याखाली धरते, कडेवरून बोट फिरवते आणि पेनाचा बारीकसा ठिपका दिसला तरी ती नोट परत सरकवते. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम जवळ असेल तर सीमाशुल्काकडे लेखी जाहीर करावी लागते. माझ्याकडे तेवढी नव्हती.

तिकिटाचा हिशेबही याच कारणाने वेगळा. रशियन संकेतस्थळावर भारतीय कार्ड चालत नाही, आणि भारतातल्या संकेतस्थळावर रशियन कार्ड चालत नाही. मी दिल्लीहून एरोफ्लोटने मॉस्कोला गेले, ते तिकीट बाबांनी इथूनच काढले. मॉस्को ते पीटर्सबर्ग रात्रीच्या रेल्वेचे तिकीट तिथे शिकणाऱ्या एका भारतीय सीनियर मुलीने तिच्या कार्डावर काढून ठेवले आणि मी तिला भेटल्यावर रोख पैसे दिले. निघण्यापूर्वी असा एक तरी माणूस तिथे शोधून ठेवावा. विमानतळावर पासपोर्टसोबत स्थलांतर कार्ड नावाचा छोटा कागद मिळतो. तो परतीपर्यंत जपावा लागतो आणि त्यावर येण्याचा हेतू ‘शिक्षण’ असाच छापलेला आहे ना, हे खिडकीसमोरून हलण्यापूर्वी पाहून घ्यावे.

पोहोचल्यावरचे पहिले काही आठवडे कागदांचेच होते. कामकाजाच्या सात दिवसांच्या आत राहत्या पत्त्याची नोंदणी व्हावी लागते. वसतिगृहाचे कार्यालय ती करून देते आणि हातात एक कापून घेतलेली चिठ्ठी येते. या चिठ्ठीशिवाय बँक खाते उघडत नाही आणि पोलिसांनी अडवले तर तीच दाखवावी लागते. त्याशिवाय, ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला बोटांचे ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते आणि एचआयव्ही, क्षयरोग, कुष्ठरोग, सिफिलिस आणि अमली पदार्थ यांच्या तपासण्या कराव्या लागतात. हा नियम डिसेंबर २०२१ च्या अखेरीस लागू झाला. तपासण्यांना काही हजार रुबल लागले आणि वर्षाच्या आरोग्य विम्याला वेगळे. स्थलांतर केंद्राबाहेर सकाळी अंधारातच रांग लागलेली असते. माझ्या पुढेमागे बहुतेक सगळे उझबेकिस्तान, ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तानहून कामासाठी आलेले पुरुष होते. शहरातला बर्फ उपसणे, इमारती बांधणे, घरपोच जेवण पोहोचवणे ही सगळी कामे तेच करतात. माझ्या हातातली विद्यापीठाची फाइल पाहून तिथल्या कर्मचाऱ्याने मला ‘तुम्ही’ म्हटले आणि माझ्या पुढच्या वयस्क माणसाला ‘तू’. रांगेतले कोणी काही बोलले नाही. पुढे दोन वर्षांत असे प्रसंग मला पुन्हा पुन्हा दिसले आणि त्यांची सवय मी होऊ दिली नाही.

नोंदणीची चिठ्ठी आणि पासपोर्टचे साक्षांकित भाषांतर दाखवल्यावर बँकेत खाते उघडले आणि मीर हे रशियाचे स्वतःचे कार्ड मिळाले. ते हाती आल्यानंतर देशांतर्गत व्यवहार अगदी सुरळीत होतात. आपल्या यूपीआयसारखी क्यूआर कोडची व्यवस्था सगळीकडे आहे. निर्बंधांनी रशिया मोडकळीला आला असेल अशा समजुतीने जाणाऱ्यांना दुकाने भरलेली दिसतील, मेट्रो वेळेवर दिसेल. मॅकडोनाल्ड्सच्या जागी जून २०२२ पासून त्याच इमारतींमध्ये रशियन साखळी सुरू आहे. निर्बंधांचा परिणाम होतो तो दुसरीकडे: औषधाचा नेहमीचा ब्रँड मिळत नाही, परदेशी नियतकालिकांचे वाचनालयातले खाते बंद झालेले असते, शास्त्रीय परिषदेचे शुल्क भरायला मार्ग नसतो. आमच्या विभागाच्या जिन्यातल्या फलकावर हेलसिंकीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थी देवाणघेवाणीची २०२१ ची सूचना अजून टाचलेली होती आणि तिच्यावर चिनी विद्यापीठांच्या नव्या सूचना एकावर एक चढत गेल्या होत्या. मे २०२२ मध्ये रशियाने बोलोन्या व्यवस्थेतून, म्हणजे युरोपीय देशांच्या समान पदवीरचनेतून, बाहेर पडण्याचे जाहीर केले. माझ्या वर्गातल्या रशियन मुलांनी प्रवेश घेतानाच जर्मनीत एक सत्र करण्याचे बेत मनातून काढून टाकले होते.

बोलण्याविषयी मला पहिली समज आली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. मी शहरातल्या वसिल्येवस्की बेटावर राहत होते. साशा स्कोचिलेन्को या पीटर्सबर्गच्या कलाकार तरुणीने मार्च २०२२ मध्ये एका सुपरमार्केटमधल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या जागी युद्धात मेलेल्या नागरिकांविषयी मजकूर असलेल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्याच बेटावरच्या न्यायालयाने तिला सात वर्षांची शिक्षा सुनावली. ४ मार्च २०२२ च्या कायद्याने फौजदारी संहितेत आलेल्या कलम २०७.३ नुसार, सैन्याविषयी सरकारी माहितीपेक्षा वेगळे सांगणे हे ‘खोटी माहिती पसरवणे’ ठरू शकते आणि त्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. त्या दिवशी सकाळच्या तासाला कोणी त्याचा उच्चार केला नाही. संध्याकाळी एक वर्गमैत्रीण माझ्याबरोबर दूध घ्यायला दुकानात आली. फळीवरच्या एका किमतीच्या चिठ्ठीला तिने बोट लावले, माझ्याकडे पाहिले आणि पुढे गेली.

तेव्हापासून मी एक नियम स्वतःला घालून घेतला. युद्धाचा विषय मी स्वतःहून कधीही काढायचा नाही. समोरच्याने काढला तर ऐकायचे, आणि ऐकलेले दुसऱ्या कोणाला सांगायचे नाही. अनेक परदेशी विद्यार्थी कुतूहलाने चारचौघांत विचारतात की तुम्हाला पुतिन आवडतात का, तुम्ही युद्धाच्या बाजूने आहात का. विचारणारा दोन वर्षांनी घरी जाणार असतो. उत्तर देणाऱ्याला तिथेच राहायचे असते आणि शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे त्याला माहीत नसते. सहकाऱ्याने, शेजाऱ्याने किंवा विद्यार्थ्याने तक्रार केल्यामुळे शिक्षकांवर खटले झाल्याची उदाहरणे तिथे सगळ्यांना ठाऊक आहेत. या लेखात माझ्या कोणत्याही मित्रमैत्रिणीचे, शिक्षकाचे नाव नाही आणि छायाचित्रही नाही, त्याचे कारण हेच आहे.

ऐकत राहिले की मात्र लोक बोलतात, आणि त्यांचे बोलणे आपल्या इकडच्या चर्चांत असते तसे दोन खणांत बसत नाही. एका शिक्षिकेची मावशी युक्रेनमधल्या खारकिवला होती. रशियन क्षेपणास्त्रे पडली की बाई रात्रभर तिच्या निरोपाची वाट पाहायच्या आणि सकाळी येऊन व्याकरण शिकवायच्या. एका मुलाचा भाऊ कंत्राटावर सैन्यात गेला होता, कारण त्यांच्या गावात तेवढा पगार दुसऱ्या कोणत्याही कामाला मिळणे शक्य नव्हते. ग्रंथालयातल्या बाईंना युद्ध नको होते आणि पश्चिमेकडच्या देशांचा रागही होता, दोन्ही मनापासून. पूर्वी पीटर्सबर्गचे लोक शनिवार-रविवार फिनलंडला जाऊन चीज, कॉफी, कपडे घेऊन यायचे. हेलसिंकीची आल्लेग्रो रेल्वे मार्च २०२२ मध्ये बंद झाली, एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याने जमिनीवरचे सगळे नाके बंद केले. ग्रंथालयातल्या बाईंची मुलगी एस्टोनियात, टॅलिनला राहते. फेब्रुवारी २०२४ पासून इवानगोरोद आणि एस्टोनियातले नार्वा यांच्यामधला सीमेवरचा पूल फक्त पायी ओलांडता येतो, त्यामुळे आईला भेटायला येताना तिला थंडीत तासन् तास रांगेत उभे राहून, सामान ओढत यावे लागते. “माझ्या मुलीने काय केले आहे?” असे बाई विचारत, आणि तो प्रश्न मॉस्कोला होता की ब्रसेल्सला, हे मी कधी विचारले नाही.

महागाईबद्दल मात्र सगळे उघडपणे बोलत. डिसेंबर २०२३ मध्ये अंड्यांचे भाव इतके चढले की १४ तारखेच्या वार्षिक कार्यक्रमात एका निवृत्त बाईंच्या प्रश्नावर खुद्द पुतिन यांनी दिलगिरी व्यक्त केली. पुढच्या वर्षी लोण्याचे भावही तसेच चढले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २१ टक्क्यांवर गेला होता. जाणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज जुन्या विद्यार्थ्यांच्या आकड्यांवर न बांधता त्यात चांगली भर घालूनच बांधावा.

२०२४ च्या सुरुवातीचे महिने मला फार जड गेले. २७ जानेवारीला लेनिनग्राडचा, म्हणजे तेव्हाच्या पीटर्सबर्गचा, दुसऱ्या महायुद्धातला वेढा उठल्याला ८० वर्षे झाली. ८७२ दिवसांच्या त्या वेढ्यात लाखो माणसे उपासमारीने मेली. तेव्हाच्या सगळ्यात वाईट दिवसांत कामगार सोडून बाकीच्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, आणि त्या आकाराचा तुकडा आमच्या विभागात एका काचेखाली ठेवला होता. ज्या शहराच्या प्रत्येक कुटुंबात ही आठवण आहे, तिथल्याच रस्त्यांवर सैन्यात भरती होण्याच्या जाहिराती आणि मिळणाऱ्या रकमांचे आकडे झळकत होते. १६ फेब्रुवारीला आर्क्टिक वृत्तापलीकडच्या तुरुंगात विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांचा मृत्यू झाल्याची बातमी आली. त्रोइत्स्काया चौकात राजकीय दमनाच्या बळींच्या स्मरणार्थ सोलोवेत्स्की शिळा आहे, तिथे लोक फुले ठेवू लागले आणि पोलीस त्यांना धरून नेऊ लागले. आमच्या परदेशी विद्यार्थी विभागाने कोणत्याही जमावात जाऊ नका असा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी मी गोर्कोव्स्काया मेट्रोवरून जात होते. स्थानकाच्या दाराशी एक आजी कोटाच्या आत दोन कार्नेशन धरून उभ्या होत्या. देठ बाहेर आणि फुले कोटात. फुलांची संख्या सम होती, जशी तिथे अंत्यविधीला नेतात. मी चौकाकडे गेले नाही. माझा व्हिसा मुदतवाढीच्या अर्जात होता आणि माझ्या जाण्याने कोणाचे काही भले होणार नव्हते, असा विचार मी तेव्हा केला, आणि आजही तो मला बरोबर वाटतो.

१७ मार्चला, राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्या शेवटच्या दिवशी, विरोधकांनी बरोबर दुपारी बारा वाजता केंद्रावर यायचे आवाहन केले होते. त्यामुळे आमच्या जवळच्या शाळेबाहेर त्या तासाला अचानक रांग वाढली. माणसे शांतपणे उभी होती आणि एकमेकांकडे पाहत होती. अधिकृत निकालात पुतिन यांना ८७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. त्यानंतर पाचच दिवसांनी मॉस्कोजवळच्या क्रोकस सिटी हॉल या संगीत सभागृहावर हल्ला झाला आणि १४० हून अधिक माणसे मारली गेली. पकडलेले हल्लेखोर ताजिकिस्तानचे होते, आणि त्याचा भोग मध्य आशियातल्या सगळ्याच लोकांच्या वाट्याला आला. मेट्रोच्या दाराशी तपासण्या वाढल्या आणि सावळ्या चेहऱ्याचे आम्ही भारतीयही त्यात सापडू लागलो. पासपोर्ट, स्थलांतर कार्ड आणि नोंदणीची चिठ्ठी या तिन्ही गोष्टी मूळ स्वरूपात जवळ ठेवाव्यात, शांतपणे दाखवाव्यात आणि हुज्जत घालू नये. बहुतेक वेळा काही मिनिटांत सोडतात. आमच्या मजल्यावरच्या ताजिक मुलाला मात्र एकदा अख्खी दुपार चौकीत बसवून ठेवले होते.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे आणि तो पालकांनी गांभीर्याने घ्यावा. मदतनीसाची किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी देतो म्हणून दलालांनी भारतातून तरुण नेले आणि ते थेट आघाडीवर पोहोचले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा दलालांवर गुन्हा नोंदवला. पंतप्रधान मोदी यांनी जुलै २०२४ च्या मॉस्को भेटीत हा विषय काढला. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले की रशियन सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांपैकी ९६ परत आले, १२ मृत्युमुखी पडले आणि १६ बेपत्ता आहेत. व्हिसा संपत आलेल्या, शुल्क थकलेल्या विद्यार्थ्याला असे गोड बोलून गाठणारे लोक तिथे भेटतात. वाचता न येणाऱ्या रशियन कागदावर सही करू नये, आणि पैसे संपले तर ती गोष्ट घरी आणि दूतावासाला सांगावी.

व्हिसाच्या मुदतवाढीसाठी पासपोर्ट मुदत संपण्याच्या दीड-दोन महिने आधी द्यावा लागतो आणि तेवढा काळ तो हातात नसतो. त्या काळात दुसऱ्या शहराचे बेत करू नयेत. १२ जून २०२४ रोजी अमेरिकेने मॉस्को शेअर बाजारावर निर्बंध घातले आणि तिथे डॉलर-युरोचे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी बँकांच्या फलकांवर खरेदी आणि विक्री यांच्या दरांत मोठी दरी पडलेली दिसली आणि एकाच रस्त्यावरच्या दोन बँकांत वेगवेगळे भाव होते. डॉलर थोडे थोडे, दर पाहून बदलावेत, हे तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी अंकारात रशिया आणि पाश्चात्त्य देशांत कैद्यांची देवाणघेवाण झाली आणि तीत साशा स्कोचिलेन्कोही सुटली. दुकानात माझ्याबरोबर आलेल्या त्या मैत्रिणीने मला फक्त एक पिवळ्या फुलाचे चित्र पाठवले. त्याच उन्हाळ्यात यूट्यूब इतके संथ झाले की व्हिडिओ उघडेना. फेसबुक आणि इन्स्टाग्राम तर २०२२ पासूनच बंद होते. बहुतेक जण व्हीपीएन वापरतात, पण मार्च २०२४ पासून त्याची माहिती पसरवण्यावर बंदी आहे, म्हणून ते भारतातूनच फोनवर घालून न्यावे आणि कोणते वापरता हे गटांमध्ये लिहीत बसू नये. २०२५ पासून परदेशी माणसाला सिमकार्डसाठी चेहरा आणि आवाजाची बायोमेट्रिक नोंद द्यावी लागते. आमच्या जुन्या क्रमांकांनाही ती १ जुलै २०२५ पूर्वी पूर्ण करावी लागली. मे महिन्यात विजयदिनाच्या सुमारास आणि नंतर उन्हाळ्यात ड्रोनच्या भीतीने मोबाइल इंटरनेट मधूनमधून बंद होऊ लागले. कार्डाने पैसे न गेल्याने बसमधून उतरावे लागू नये म्हणून थोडी रोकड जवळ असावी.

प्रबंधाची तोंडी परीक्षा जूनमध्ये झाली आणि महिन्याच्या अखेरीस पदवी हातात आली. भारतात ती वापरायची तर तिच्यावर अपोस्टीलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारला जाणारा सरकारी शिक्का लागतो. हे काम शहराच्या शिक्षण खात्याकडे असते आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. व्हिसाची मुदत तोवर पुरत नसेल तर तिथल्या नोटरीकडून विश्वासू मैत्रिणीच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवावे. मी तेच केले. रशियन मध्यस्थ संस्था या कामाचे बरेच पैसे मागतात, पण भाषा येत असेल तर त्यांची गरज पडत नाही.

माझे परतीचे विमान पीटर्सबर्गच्या पुल्कोवो विमानतळावरून ६ जुलै २०२५ चे होते. त्या शनिवार-रविवारी ड्रोन हल्ल्यांमुळे मॉस्को आणि पीटर्सबर्गचे विमानतळ पुन्हा पुन्हा बंद झाले आणि शेकडो उड्डाणे रद्द झाली. फलकावर कारण लिहिले होते ‘उड्डाणांची सुरक्षितता’. जमिनीवर चटया आणि कोट पसरून कुटुंबे बसली होती. सोचीला सुटीवर निघालेली मुले रडून थकली होती. माझ्या शेजारी बसलेल्या काकू फोनवर आपल्या बहिणीला म्हणाल्या की आपण आता युक्रेनच्या लोकांसारखे भुयारात झोपायला शिकू. त्यांच्या नवऱ्याने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्या थांबल्या. तिकीट भारतातून काढलेले असल्याने बाबांनी पुण्यातल्या एजंटाकडून ते बदलून घेतले. रशियन संकेतस्थळावरचे असते तर तिथल्या कार्डावर परतावा येऊन अडकला असता. त्याच आठवड्यात मी दुबईमार्गे मुंबईला पोहोचले. निघण्यापूर्वी खात्यातले रुबल काढून मैत्रिणीकडे ठेवले होते, कारण ते इथे कोणी बदलून देत नाही. तिने त्यातूनच अपोस्टीलचे शुल्क भरले.

शिक्का मारलेली पदवी दिल्लीला येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आणून दिली आणि स्पीड पोस्टने ती पुण्याला आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे नियम अधिसूचित केले आहेत, आणि त्यांनुसार मी अर्ज भरला आहे. गुणपत्रिकेचे इंग्रजी भाषांतर तिथल्याच नोटरीकडून करून आणले असल्याने तो एक हेलपाटा वाचला. यंदा अर्ज करणाऱ्यांनी पासपोर्टची वैधता आधी पाहावी: तुमच्या नियोजित परतीनंतरही ती पुरेशी शिल्लक असावी, नाहीतर मुदतवाढीच्या वेळी सगळे कागद नव्याने काढावे लागतात.